शेवरोले बोल्टसाठी जुळणारी लहान स्टेपनी कशी निवडावी?

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो आणि माझ्याकडे २०१९ सालची शेवरोले बोल्ट ही विजेवरची गाडी आहे. या गाडीसोबत कंपनीने स्टेपनी दिलेली नाही. त्याऐवजी २१५/५० आर १७ या मापाचे, भोक स्वतःच बुजवणारे मिशेलिनचे टायर दिले होते. अशा टायरच्या आतल्या अंगाला चिकट द्रव्याचा थर असतो आणि खिळा घुसला की ते द्रव्य भोकात शिरून हवा अडवते. ते टायर झिजले तेव्हा त्याच जातीचे टायर वेळेवर मिळाले नाहीत, म्हणून मी साधे टायर बसवले. म्हणजे आता माझ्या गाडीत ना स्टेपनी आहे, ना स्वतः बुजणारे टायर.

माझी पत्नी अथेन्स येथील विद्यापीठात शिकवते. त्यामुळे कोलंबसहून लँकेस्टर आणि लोगनमार्गे अथेन्सला जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ३३ वर आमची सतत ये-जा असते आणि पुढे कधी कधी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातही जाणे होते. त्या भागात अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते आणि टो ट्रक यायला दोन-तीन तास सहज लागतात. हिवाळ्यात पाणी मुरून गोठते, पुन्हा वितळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर असे खड्डे पडतात, की टायरची बाजू फाटते किंवा रिम वाकते. अशा वेळी हवा भरायचा पंप किंवा चिकट द्रव्याची बाटली काहीच कामाची नाही, हे मला ठाऊक आहे. सध्या साताऱ्याहून आई-बाबा आलेले आहेत. वयस्कर माणसांना घेऊन रात्री रस्त्याच्या कडेला थांबण्याची वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मी चौकशी केली. पाच भोकांची कोणतीही स्टेपनी ‘थोडीफार जुळवून’ बसते, असे सांगून दुकानदाराने मला एका जपानी गाडीची लहान स्टेपनी पुढे केली. मला ते पटले नाही, म्हणून मी घेतली नाही. कोणत्या गाडीची लहान स्टेपनी बोल्टला खरोखर जुळते आणि ती जुळते हे विकत घेण्यापूर्वी कसे तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. लहान स्टेपनीचा व्यास मूळ चाकापेक्षा कमी असतो. त्याने मोटर किंवा गिअर यांना काही अपाय होतो का, हीदेखील शंका आहे.

लोखंडी_रिम

नमस्कार. ती स्टेपनी आपण घेतली नाही, हे अगदी योग्य केले. मी डेट्रॉइटजवळच्या एका गॅरेजमध्ये अनेक वर्षे चाके आणि सस्पेन्शनचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. बोल्टच्या चाकाला पाच नट असतात आणि ते ज्या काल्पनिक वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, १०५ मिलिमीटर आहे. हे माप फार थोड्या गाड्यांत आढळते. बहुतेक जपानी आणि कोरियन गाड्यांत पाच नटांसाठी ११४.३ चे माप असते, काहींत १०० चे असते. १०५ चे माप जनरल मोटर्सच्या एका विशिष्ट कुटुंबात आहे: पेट्रोलवरची शेवरोले क्रूझ, सॉनिक, पहिल्या पिढीची ट्रॅक्स आणि तिचीच बहीण ब्यूक एन्कोर. यांपैकी क्रूझची लहान स्टेपनी सर्वांत सहज मिळते. तिचे माप टी ११५/७० आर १६ असे असून बोल्टचे अनेक मालक तीच बाळगतात. मात्र क्रूझ म्हटली की डोळे मिटून घेऊ नका. पहिल्या पिढीच्या डिझेल क्रूझचा पीसीडी ११५ आहे. दोन्ही रिमा शेजारी ठेवल्या तर नजरेला फरक जाणवत नाही आणि जुन्या भागांच्या आवारात दोन्ही एकाच ढिगात पडलेल्या असतात.

त्यामुळे मोजून घेणे आवश्यक आहे. पाच भोकांच्या रिमेत समोरासमोर भोके नसल्याने पीसीडी थेट मोजता येत नाही. एक भोक धरा, त्याच्या शेजारचे सोडा आणि त्यापुढच्या भोकापर्यंतचे अंतर मोजा. मोजताना मध्यबिंदू शोधत बसण्याची गरज नाही. पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजले की मध्यापासून मध्यापर्यंतचेच अंतर मिळते. त्याला १.०५१५ ने गुणले की पीसीडी निघतो. १०५ च्या रिमेवर हे अंतर जवळजवळ १०० मिलिमीटर येते, ११५ च्या रिमेवर ते साधारण १०९.४ येते आणि ज्या जपानी स्टेपनीची गोष्ट आपण लिहिली तिच्यावर बहुधा १०८.७ आले असते. म्हणजे फरक जवळजवळ एक सेंटिमीटरचा आहे. साधी मोजपट्टीही तो दाखवते. चुकीच्या पीसीडीची रिम दोन-तीन नटांवर ओढून बसवता येते आणि ती बसल्यासारखी दिसतेही. पण तेव्हा नटांची शंकूसारखी बैठक एका बाजूलाच टेकलेली असते, स्टड, म्हणजे नट ज्यांच्यावर बसतात ते आट्यांचे दांडे, वाकडे ताणले जातात आणि वाटेत नट सैल होतात. ‘थोडीफार जुळवून’ हा शब्दप्रयोग चाकाच्या बाबतीत मला मुळीच मान्य नाही.

पीसीडी जुळल्यानंतर मधले भोक पाहावे. गाडीच्या हबचा, म्हणजे रिम ज्याला जोडली जाते त्या फिरत्या भागाचा, उंचवटा या भोकात नीट बसला पाहिजे. भोक लहान असेल तर रिम हबला टेकतच नाही. क्रूझ आणि बोल्ट एकाच घराण्यातल्या असल्यामुळे येथे अडचण येत नाही. स्टडची जाडी आणि आटेही दोन्हींत सारखेच, १२ मिलिमीटर आणि १.५ चे आहेत, त्यामुळे आपल्या गाडीचे नट चालतात.

त्यानंतर ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकची तबकडी दाबून धरणारा भाग. लहान स्टेपनीची रिम अरुंद असते आणि तिचा आतला घेर कॅलिपरला घासत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवूनच पाहावे लागते. १६ इंचांची रिम बोल्टच्या पुढच्या ब्रेकवरून मोकळी फिरते. तरीही आपण घेतलेली रिम स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी, घराच्या अंगणात एकदा पुढे आणि एकदा मागे बसवून हाताने पूर्ण फिरवून पाहा. पुढे बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि टायर आतल्या प्लास्टिकला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला लागत नाही, याची खात्री करा. जाड पुठ्ठ्याची पट्टी रिम आणि कॅलिपर यांच्यामधून सहज सरकली पाहिजे.

आता आपल्या व्यासाच्या शंकेकडे येतो, कारण माझ्या मते हाच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक जण सोडून देतात. २१५/५० आर १७ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६४७ मिलिमीटर भरतो. टी ११५/७० आर १६ चा व्यास सुमारे ५६७ भरतो. म्हणजे स्टेपनी आठ सेंटिमीटर लहान आहे, तिच्या बाजूला गाडी चार सेंटिमीटर खाली बसते आणि तेवढेच अंतर कापण्यासाठी हे चाक इतर चाकांपेक्षा १४ टक्के अधिक वेगाने फिरते. बोल्टची मोटर पुढच्या चाकांना ताकद देते. पुढच्या दोन चाकांत एक लहान आणि एक मोठे असेल, तर त्यांच्यामधल्या डिफरेन्शियलचे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे, छोटे गिअर, जे एरवी फक्त वळणावर फिरतात, ते सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतात आणि तापतात. शिवाय गाडीच्या संगणकाला वाटते की एक चाक घसरत आहे, म्हणून तो मोटरची ताकद कमी करतो किंवा वेग कमी करताना बॅटरीत परत जाणारी वीज तोडतो. बोल्टमध्ये ही वीज परत मिळवण्याचे कामही पुढच्याच चाकांकडून होते, त्यामुळे पाय उचलल्यावर गाडी अपेक्षेप्रमाणे मंदावत नाही आणि चालवणारा गोंधळतो.

मागच्या चाकांमध्ये डिफरेन्शियल नाही. ती दोन्ही आपापली मोकळी फिरतात. म्हणून नियम असा ठेवावा की ही स्टेपनी नेहमी मागेच लागेल. मागचा टायर गेला तर काम सोपे आहे. पुढचा गेला तर आधी मागचे एक चांगले चाक काढून तेथे स्टेपनी लावायची आणि ते चांगले चाक पुढे आणायचे. गाडी दोनदा उचलावी लागते, पंधरा-वीस मिनिटे जास्त जातात, अंधारात आणि थंडीत ते जिवावर येते, हे मला मान्य आहे. पण अथेन्सपासून घरापर्यंतचे अंतर कापायचे असेल तर ही मेहनत घ्यावीच. फारच धोक्याची जागा असेल, तर पुढेच लावून जेमतेम सुरक्षित जागेपर्यंत हळू जावे आणि तेथे अदलाबदल करावी.

भाराचा मुद्दाही विजेच्या गाडीत दुर्लक्षून चालत नाही. बोल्ट रिकामी असतानाच सुमारे १६२५ किलोची आहे, कारण तळाशी मोठी बॅटरी आहे. क्रूझ तिच्यापेक्षा बरीच हलकी होती. स्टेपनीच्या टायरवर मापाच्या पुढे ९२ एम असे लिहिलेले असते. ९२ म्हणजे त्या एका टायरने ६३० किलो भार पेलावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत मागच्या एक्सलची, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांची मिळून, कमाल भारमर्यादा दिलेली आहे. तिचा निम्मा आकडा ६३० च्या आत असला पाहिजे. तो ताडून पाहा. आणि हा भार पेलण्यासाठी त्या टायरमध्ये ६० पीएसआय हवा असावी लागते, नेहमीच्या टायरइतकी नव्हे.

शेवटचा मुद्दा वयाचा. क्रूझ ओहायोतल्याच लॉर्ड्सटाउन येथे बनत असे आणि तो कारखाना मार्च २०१९ मध्ये बंद झाला. म्हणजे जुन्या आवारात मिळणारी तरुणातली तरुण स्टेपनीही त्या वर्षाची असणार. डिकीत पडून राहिलेल्या टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर आतून कडक झालेले असते. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दहा वर्षे उलटलेला टायर मी कोणाच्याही गाडीला लावत नाही, मग तो कितीही नवा दिसो. रिम जुनी घ्या आणि तिच्यावर त्याच मापाचा नवा टायर चढवून घ्या.

सॅनहोजेकर

लोखंडी_रिम यांनी पीसीडीबद्दल जे लिहिले आहे त्याला एक जोड देतो, कारण पीसीडी आणि मधले भोक दोन्ही जुळूनही चाक न जुळण्याचे उदाहरण माझ्या गाडीत आहे आणि अशा गाड्यांचे मालक येथे बरेच असतील.

माझ्याकडे टेस्ला मॉडेल ३ आहे. तिचा पीसीडी ११४.३ आणि मधले भोक ६४.१ मिलिमीटरचे आहे. होंडाच्या अनेक गाड्यांची मापे अगदी हीच आहेत, म्हणून होंडाची लहान स्टेपनी टेस्लाला चालते, असे सल्ले सर्रास दिले जातात. पण टेस्लाचे स्टड १४ मिलिमीटर जाडीचे आहेत, तर होंडाच्या बहुतेक गाड्यांचे १२ मिलिमीटरचे. होंडाच्या रिमेची भोके १२ च्या स्टडसाठी आहेत आणि तिच्या नटांची बैठक गोलाकार असते, टेस्लाच्या नटांची बैठक शंकूसारखी असते. काही जण ड्रिलने भोके मोठी करून घेतात. असे केले की बैठकीचा जो दाबलेला, घट्ट केलेला भाग असतो तोच कापला जातो आणि नट नुसत्या पातळ पत्र्यावर टेकतो. १७०० किलोच्या पुढची गाडी अशा रिमेवर चालवणे मला अत्यंत धोकादायक वाटते. मी टेस्लाच्या मापाने मुद्दाम बनवलेला १८ इंचांच्या स्टेपनीचा संच घेतला. तो महाग पडला, पण व्यास मूळ २३५/४५ आर १८ च्या म्हणजे ६६९ मिलिमीटरच्या जवळ आहे.

ज्यांच्या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे मोटर आहे, त्यांना ‘मागे लावा’ हा उपाय लागू होत नाही, कारण त्यांच्याकडे दोन्ही एक्सलवर डिफरेन्शियल असते. त्यांनी व्यासाचा फरक जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा आणि वाटेल तो खर्च करून मूळ व्यासाच्या जवळचीच स्टेपनी घ्यावी.

कोथरूडची_वीज

नमस्कार. मी पुण्याहून लिहीत आहे. अमेरिकेतल्या बोल्टबद्दल मला अनुभव नाही, पण हाच प्रश्न आता आपल्याकडेही घरोघरी येऊन पोहोचला आहे, म्हणून इथली बाजू मांडते.

भारतात २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील आणि तिच्यात टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचा संच दिलेला असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन राहिले नाही. विजेच्या गाड्यांत बॅटरीला जास्त जागा मिळावी, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. कारण समजण्यासारखे आहे. पण विक्रेत्याने गाडी दाखवताना ही गोष्ट ग्राहकाला स्वतःहून स्पष्ट सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या ओळखीतल्या अनेकांना डिकीचा तळ उचलल्यावरच कळले की खाली चाक नाही.

माझ्याकडे टाटा टियागो ईव्ही आहे. तिला १७५/६५ आर १४ चे टायर आहेत आणि चार नटांचा पीसीडी १०० आहे. पेट्रोलवरच्या टियागोचा पीसीडीही तोच असल्यामुळे मी लहान स्टेपनीच्या मागे न लागता त्याच १४ इंचांची साधी लोखंडी रिम घेतली आणि तिच्यावर मूळ मापाचाच टायर चढवला. व्यास तंतोतंत तोच, त्यामुळे पुढे-मागे कोठेही लावता येते आणि लहान स्टेपनीवर असते त्या ताशी ८० किलोमीटरच्या वेगमर्यादेचा प्रश्न येत नाही. टायर घेताना भाराचा आकडा मूळ टायरइतका किंवा त्याहून अधिक आहे, हे मात्र पाहिले, कारण विजेची गाडी तिच्या पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा जड असते. जागेचा तोटा मोठा आहे. २४० लिटरची डिकी असताना पूर्ण आकाराचे चाक आत ठेवले, की दोन मोठ्या बॅगाही नीट मावत नाहीत. म्हणून शहरात असताना स्टेपनी घरी असते आणि ताम्हिणीमार्गे कोकणात किंवा माणगावच्या पुढे जायचे असले, की ती गाडीत चढते.

एक फरक मात्र येथे लिहावासा वाटतो. महाराष्ट्रात साध्या खिळ्याच्या पंक्चरची फारशी चिंता नसते. कोणत्याही नाक्यावर, अगदी घाटाच्या पायथ्याच्या टपरीतही ट्यूबलेस टायरला दोरी ओवून देणारा माणूस भेटतो आणि मशरूम पद्धतीचे पक्के पंक्चर मोठ्या गावात निघते. त्यामुळे गाडीत बारा व्होल्टचा पंप आणि पंक्चरचा संच ठेवला तर दहापैकी बहुतेक वेळा काम भागते. स्टेपनी लागते ती टायरची बाजू फाटल्यावर. पावसाळ्यात घाटातल्या रस्त्याची कड खचलेली असते, डांबराची धार उघडी पडते आणि समोरून एसटी आली म्हणून गाडी कडेला घेतली, की तीच धार टायरची बाजू चिरते. ती चीर कोणताही संच भरून काढत नाही.

कोलंबसकर

सर्वांचे मनापासून आभार. लोखंडी_रिम यांनी सांगितलेल्या पद्धतीने मी जुन्या भागांच्या आवारात जाऊन मोजमाप केले. पहिल्या रिमेवर अंतर १०९ मिलिमीटरच्या पुढे गेले आणि ती डिझेल क्रूझची होती, हे तेथल्या माणसाने नोंद पाहून सांगितले. तिच्या शेजारचीच रिम बरोबर १०० मिलिमीटरला आली. ती घेतली आहे. तिच्यावरच्या टायरचे अंक २०१३ सालचे निघाले, त्यामुळे त्याच मापाचा नवा टायर मागवला आहे. दाराच्या चौकटीवरची मागच्या एक्सलची मर्यादाही ताडून पाहिली. तिचा निम्मा आकडा ६३० च्या आत आहे.

डिकीचा खोटा तळ उचलून पाहिला तर खालच्या खोलगट जागेत रिम आडवी बसते, पण तेथे मी घरच्या साध्या प्लगला लावायची चार्जिंगची केबल ठेवत असे. ती आता दुसरीकडे हलवावी लागेल. काही गोष्टी अजून विचारायच्या आहेत. या गाडीला जॅक कोठे लावावा, कारण तळाशी बॅटरी आहे आणि चुकीच्या जागी जॅक लागला तर काय होईल, याची मला फार धास्ती वाटते. नट किती घट्ट करावेत? आणि स्टेपनी लावल्यावर काढलेले मोठे चाक कोठे ठेवावे?

लोखंडी_रिम

मोजमाप करून घेतलेत आणि टायरही बदलत आहात, हे वाचून फार बरे वाटले.

जॅकबद्दलची आपली धास्ती योग्य आहे. विजेच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यांच्या मधला जवळजवळ सगळा तळ बॅटरीच्या पेटीने व्यापलेला असतो. त्या पेटीखाली जॅक लावला तर तिचे आवरण आत दबते. आतल्या सेलना इजा झाली की मग दुरुस्तीची किंमत टायरच्या किमतीशी तुलना करण्याजोगी राहत नाही. जॅक लावायच्या जागा दाराखालच्या उंबरठ्याच्या कडेवर असतात, दोन पुढच्या चाकांच्या मागे आणि दोन मागच्या चाकांच्या पुढे. गाडीच्या पुस्तिकेत त्यांची आकृती आहे. ती पाहून प्रत्येक जागेवर आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, म्हणजे रात्री बॅटरीच्या, म्हणजे हातातल्या विजेरीच्या उजेडात शोधाशोध करावी लागणार नाही. क्रूझचा मूळ कात्रीसारखा जॅक त्याच आवारात मिळेल. त्याच्या डोक्याला खाच असते आणि उंबरठ्याची उभी कड त्या खाचेत बसते. जॅकखाली ठेवण्यासाठी वीतभर रुंदीची जाड फळी सोबत असू द्या, कारण रस्त्याच्या कडेची माती ओली असली की जॅक खचतो.

उचलण्यापूर्वी गाडी पी मध्ये टाका, पार्किंग ब्रेक लावा आणि कर्णावरच्या विरुद्ध चाकाला पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. मागचे चाक हवेत असताना त्या बाजूचा पार्किंग ब्रेक निरुपयोगी होतो, हे लक्षात ठेवा. आई-बाबांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे करा. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा वळसा सैल करावेत आणि शेवटची घट्टीही चाक जमिनीवर टेकल्यावरच द्यावी, तीही एकाआड एक नट घेत. बोल्टसाठी घट्टीचे प्रमाण १४० न्यूटन मीटर, म्हणजे इकडच्या मापात १०० फूट-पाउंड आहे. रस्त्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या मापाचीच घट्टी देणारा पाना, नसेल तर लांब दांड्याच्या पान्याने चांगली घट्टी द्या आणि घरी पोहोचल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. पाच-दहा मैलांनंतर एकदा थांबून पाना फिरवून पाहणे हेही आवश्यक आहे, कारण वर्षानुवर्षे न लागलेली लोखंडी रिम पहिल्या काही मैलांत हबवर बसत असते.

चालवताना ताशी ८० किलोमीटर ही टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा आहे, नेहमीचा वेग नव्हे. महामार्ग ३३ वरून तेवढ्या वेगाने जाणे इतर वाहनांमुळे अवघड असते, म्हणून शक्य असेल तेथे आतला रस्ता धरावा. स्टेपनीत दाब मोजणारा सेन्सर नसतो, त्यामुळे टायरच्या दाबाचा दिवा लागलेला राहील. घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवाही लागू शकतो. हे दिवे त्या अवस्थेत अपेक्षितच आहेत. मात्र ओल्या रस्त्यावर मागचे ते अरुंद चाक लवकर पकड सोडते, म्हणून वळणावर जायच्या आधीच वेग कमी करा आणि ब्रेक हलक्या पायाने दाबा. बर्फ असेल तर त्या चाकावर प्रवास करू नये, टो ट्रकचीच वाट पाहावी आणि गाडी चारही चाके वर असलेल्या सपाट ट्रकवरच चढवायला सांगावी.

काढलेले १७ इंचांचे चाक खोट्या तळाखाली मावणार नाही, ते डिकीत वरच ठेवावे लागेल. बाहेरगावी जाताना सामान भरण्यापूर्वी हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा, कारण चार माणसे आणि त्यांच्या बॅगा असताना ही अडचण ऐन वेळी समजते. चिखलाने माखलेले चाक गुंडाळण्यासाठी जुनी जाड चादर किंवा ताडपत्रीचा तुकडा ठेवा.

कोलंबसकर

सर्व मुद्दे लिहून घेतले. एक राहिले. खोट्या तळाखाली स्टेपनी नुसती ठेवली तर चालेल की बांधावी लागेल? तेथे तिला अडकवण्यासाठी काही सोय दिसत नाही.

लोखंडी_रिम

बांधावीच लागेल. रिम आणि टायर मिळून बारा-पंधरा किलो वजन असते आणि जोराचा धक्का बसला तर ते वरच्या पातळ फळीला जुमानणार नाही. डिकीत सामान बांधण्यासाठी ज्या कड्या दिलेल्या असतात, त्यांतून दातेरी बकलचा पट्टा घ्या, तो रिमेच्या मधल्या भोकातून ओवा आणि ताणून बसवा. बॅटरीच्या किंवा गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट बसवण्याचा विचार करू नका. पट्ट्याचे मोकळे टोक वरच्या बाजूला ठेवा आणि टायरचा हवा भरण्याचा व्हॉल्व्ह वर येईल अशा बेताने रिम ठेवा, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी काहीही न सोडता ६० पीएसआय हवा तपासता आणि भरता येईल.